खोटा खडा

छायाचं तोंड बंद पडलं तेव्हा अर्जुन वरुटेला आधी वाटलं, बायको रुसली.

त्याचंही फार चुकलं असं म्हणता येत नाही. सकाळची वेळ. छाया चहा गाळत होती. गाळता गाळता तिला जांभई आली, ती अर्ध्यातच थांबली, हात उजव्या कानापुढे गेला, आणि त्यानंतर तिचं तोंड बोटभरसुद्धा उघडेना. अर्जुननं विचारलं, "साखर टाकलीस काय गं?" ती गप्प. "अगं, तुला इचारतोय." ती गप्पच, नुसती डोळे मोठे करून बघतेय. अर्जुन ठार बहिरा. बायकोचं सगळं बोलणं तो तिच्या तोंडाकडे बघून समजून घ्यायचा. समोरचं तोंड हलत नाही म्हणजे समोरच्याला बोलायचं नाही, त्याच्या लेखी इतकं ते साधं होतं. त्यानं कालपासूनच्या आपल्या चुका आठवून बघितल्या. तीन निघाल्या. पहिलीची माफी मागणार तोच छायाच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं, आणि मग मात्र गडी हबकला.

हे दोघं बोलायचे कसे, ते आधी सांगायला हवं. इचलकरंजीत साध्या मागांवर ज्यांनी आयुष्य काढलं त्यांना ठाऊक आहे. एका छपराखाली पन्नास-साठ माग, प्रत्येकाचा आडवा धागा नेणारा धोटा मिनिटाला शंभर-दीडशे वेळा इकडून तिकडे आपटणार. त्या खडखडाटात कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी उपयोग नाही. मग माणसं ओरडायचा नादच सोडायची. आवाज न काढता, तोंड मोठं उघडून, एकेक अक्षर ओठांनी घडवून बोलायची, आणि चार माग पलीकडचा माणूस ते नुसत्या नजरेनं उचलायचा. भांडणं तशीच, थट्टामस्करी तशीच, आणि खोटं कशाला बोला, अर्जुन आणि छायाचं जमलंही तसंच.

आता दोन हजार एक्केचाळीस साल. ते माग कधीच भंगारात गेले. नव्या यंत्रांना धोटा नाही, शेजारी उभं राहायला माणूसही लागत नाही. पण वरुट्यांच्या घरात ते बोलणं शिल्लक राहिलं, कारण अठ्ठावीस वर्षांच्या कारखान्यानं अर्जुनचे कान खाल्ले होते. छायानं कारखाना लवकर सोडला, घरी बसून धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरल्या, म्हणून तिचे कान वाचले. लेकीनं, प्रणालीनं, बापाला चष्मा आणून दिला होता. समोरचा बोलेल ते काचेवर लिहून येणारा. तो अर्जुन बँकेत आणि दवाखान्यात घालायचा. घरात नाही. चष्म्याला आवाज लागतो, आणि छाया नवऱ्याशी बोलताना आवाज काढतच नसे. भाजीवालीशी ती चारचौघींसारखी बोलायची, पण नवऱ्याकडे तोंड वळलं की आवाज आपोआप बंद. तोंड मात्र इतकं स्वच्छ उघडायची की अंगणाच्या त्या टोकावरून अर्जुनला एक अक्षर चुकू नये.

तेच तोंड आता उघडत नव्हतं. प्रणालीनं फोनवरून धावपळ केली आणि दुपारपर्यंत दोघांना सांगलीत डॉक्टर मुजावर यांच्यापुढे बसवलं.

डॉक्टर मुजावर जबड्याच्या सांध्याच्याच डॉक्टर. मध्यमवयीन बाई, हात उबदार, बोलणं सावकाश. त्यांनी छायाच्या तोंडात दोन्ही अंगठे घालून जबडा खाली-पुढे असा काही ओढला की कट्ट झालं आणि तोंड दोन बोटं उघडलं. छायानं पहिला शब्द उच्चारला तो "आई गं".

"कानाच्या पुढं बोट ठेवा आणि तोंड उघडा," डॉक्टर अर्जुनला म्हणाल्या. त्यांचं बोलणं चष्म्याच्या काचेवर उमटत होतं. "सरकलं ना काहीतरी? ते जबड्याच्या हाडाचं टोक. ते टोक आणि कवटी यांच्यामध्ये एक मऊ चकती असते. तोंड उघडलं की तीही टोकाबरोबर सरकते. यांची चकती पुढं जाऊन अडकली होती. टोकाला यायला वाटच नाही, मग तोंड उघडणार कसं?"

"पर झालं कशानं?" अर्जुन विचारायला गेला आणि नेहमीप्रमाणे फार मोठ्यानं बोलला. बाहेरच्या बाकावरची माणसं आत डोकावली.

"दोन कारणं. या झोपेत दात खातात. जेवताना आपण लावतो त्याच्या कितीतरी पट जोर झोपेत लागतो, कारण तेव्हा आवरणारं कुणी नसतं. दाढा बघा, घासून सपाट झाल्यात, दोन तर तडकल्यात. आणि दुसरं कारण म्हणजे या तोंड फार मोठं उघडून बोलतात. वर्षानुवर्षं. सांध्याला ते सोसत नाही."

काचेवर ते वाक्य आलं आणि अर्जुननं मान खाली घातली. ती तसं बोलायची ते कुणासाठी, हे सांगायला डॉक्टर लागत नव्हता.

उपाय होता. डॉक्टरांनी नखाएवढ्या जाडीचा एक पारदर्शक गार्ड दाखवला, खालच्या दातांवर बसणारा, आणि कानामागे चिकटवायची, जबड्याच्या स्नायूंची हालचाल टिपणारी एक टिकली. "भात खाताना दाताखाली खडा आला तर काय होतं?"

"जबडा सुटतो," छाया म्हणाली.

"कोण सोडतं? तुम्ही?"

"न्हाई. आपसूक सुटतो."

"बरोबर. तुमच्या मनात विचार यायच्या आत सुटतो. दात फुटू नयेत म्हणून शरीरानंच केलेली ती सोय आहे. हा गार्ड तुम्हाला तोच खडा दाखवतो, खोटा खडा. दातावर दात घासण्यासाठी स्नायू नुसते थरथरले की हा हिरडीला इवलासा चिमटा काढतो, मेंदूला वाटतं खडा लागला, जबडा सैल पडतो. झोपही मोडत नाही. आणि हा शिकत जातो बरं का. आज थरथर ओळखेल, दोन महिन्यांनी थरथरीच्याही आधी काय होतं ते ओळखेल, आणि घासणं उगवायच्या आतच खुडेल. दिवसा पण घालायचा, फक्त जेवताना काढायचा."

पंधरा दिवसांत फरक पडला. छायाची कानशिलं ठणकायची थांबली. सकाळी उठल्या उठल्या डोक्याला फडकं बांधायची तिची सवय सुटली. दोन्ही गालांनी भाकरी चावून खाल्ली तेव्हा तिनं अर्जुनचा हात धरून स्वतःच्या गालावर ठेवला, कट्कट् लागतंय का बघा म्हणाली. लागत नव्हतं. अर्जुनला इतका आनंद झाला की त्यानं शेजारी जाऊन ओरडून ही बातमी सांगितली.

पाचव्या आठवड्यात छाया त्याला जावेकडच्या बारशाची हकीकत सांगत होती. "आन् मग ती थोरली उठली आन्..." इथं तिचा जबडा एकदम सैल पडला. तोंड नुसतं लोंबलं. तिनं सावरून परत सुरुवात केली, परत तेच. दोघांनाही हसू आलं. पण दुसऱ्या दिवशी चार वाक्यं तुटली, तिसऱ्या दिवशी दहा, आणि सातव्या आठवड्यात अशी वेळ आली की अर्जुनशी तिचं एकही वाक्य धड पुरं होईना. भाजीवालीशी बोलताना काही अडत नव्हतं. प्रणालीशी फोनवर तासभर बोलायची. नवऱ्याकडे वळली की खोटा खडा हजर.

"मग आवाज काढून बोल की माझ्याशी," अर्जुन म्हणाला. तिनं करून बघितलं. पण आवाज काढला की तिचं तोंड इतर माणसांसारखं बारीक हलायचं, आणि त्यातलं अर्जुनला ओ की ठो कळायचं नाही. चष्मा चढवून बघितला, तर काचेवर अक्षरं यायची पण छाया यायची नाही, अक्षरांच्या मागे कुठंतरी राहायची. चार दिवसांनी दोघांनी तो खेळ सोडला. जेवणापुरता गार्ड निघायचा तेवढंच काय ते बोलणं, बाकी घरात शांतता पसरली. बहिऱ्याच्या घरात शांतता म्हणजे काय, असं कुणालाही वाटेल. अर्जुनला आयुष्यात पहिल्यांदा आपण बहिरे आहोत याची भीती वाटली.

डॉक्टर मुजावरांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "गार्डला बोलणं आणि घासणं यातला फरक गळ्यातल्या आवाजावरून कळतो. आवाज असेल तर बोलणं, नसेल तर घासणं. बिनआवाजाची बोलणारी माणसं असतात हे तो बनवणाऱ्यांना ठाऊकच नाही हो! मलाही आज कळतंय." मग त्यांना काहीतरी सुचलं. त्यांनी पडदा वळवला. "आणि असं असेल तर... हे बघा, गार्डनं झोपेत टिपलेलं. मी आजवर याला घासणंच समजत होते."

पडद्यावर एक चेहरा होता. त्याला डोळे नव्हते, केस नव्हते. गार्डच्या नोंदींवरून यंत्रानं रचलेला नुसता जबडा, ओठ आणि जीभ. तो हलत होता. अर्जुननं चष्मा काढून खिशात घातला आणि खुर्ची पुढे ओढली.

"पाण्याची मोटर बंद करा," तो म्हणाला.

"काय?"

"ही म्हणायलीया तसं. पाण्याची मोटर बंद करा. आता म्हणतीया, मीठ लई झालं."

छायानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.  डॉक्टरांनी अर्जुनला चष्मा घालायची खूण केली आणि मार्ग सांगितला. झोपेतले सात-आठ आठवड्यांचे तुकडे यंत्रानं सारख्याला सारखे लावून गट केले होते. कुणीतरी एकेक गट बघून यंत्राला शिकवायचं: हे बोलणं, हे घासणं. बोलणं म्हणून सांगाल ते यंत्र सोडून देईल, दिवसाही आणि रात्रीही. घासणं म्हणून सांगाल ते मुळातच उगवू देणार नाही. हे काम डॉक्टरांना येणारं नव्हतं, कुठल्या यंत्रालाही नाही. जगात एकाच माणसाला येणार होतं.

"झोपेत मी काय बरळत आसंन, देवाला ठाऊक," छाया म्हणाली. "बघायचं तर ह्यांनीच बघावं. दुसऱ्या कुणाला दावू नका."

अर्जुन रोज दुपारी जेवण झालं की टॅब घेऊन सोप्यात बसायचा. पहिले दोन दिवस मजेत गेले. झोपेतली छाया भांडी मोजायची, कुणाला तरी पत्ता सांगायची, एकदा तर चक्क अर्जुनच्या मेलेल्या आत्याला फैलावर घेत होती. तो खदाखदा हसायचा आणि "बोलणं" हे बटण दाबायचा. नुसते दातावर दात घासलेले तुकडेही होते, त्यांना "घासणं". काम सोपं होतं.

तिसऱ्या दिवशी तो शेवटच्या गटाशी आला. यंत्रानं वर लिहिलं होतं: एकशे सदतीस तुकडे, सर्वांत जास्त दाब, चिमट्यालाही न सुटणारा. त्यानं पहिला तुकडा लावला.

बिनडोळ्यांच्या चेहऱ्यानं तोंड उघडलं. इतकं मोठं की सांध्यापाशी हाड बाहेर आलेलं दिसलं. "गाठ सुटायली. बाळाकडं बघा." मग दात एकमेकांवर बसले आणि करकचून आवळले गेले. चौदा सेकंद तसेच. मग पुन्हा तोंड उघडलं. "गाठ सुटायली. बाळाकडं बघा."

अर्जुननं टॅब उलटा घातला.

प्रणालीच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता. सोहम. आठ महिन्यांचा. तेव्हा बायका तान्ह्या पोरांना कारखान्यात आणायच्या आणि छपराच्या तुळईला झोळी बांधायच्या. सोहमची झोळी अर्जुनच्या मागांजवळ होती, खिडकीचा वारा यायचा म्हणून. छाया चार माग पलीकडे. एका दुपारी तिला तिथून दिसलं की झोळीची गाठ सरकतेय. तिनं तिथूनच अर्जुनला तसं सांगितलं, आणि अर्जुननं मान हलवली.

हे मान हलवणं म्हणजे कारखान्याची रीत. लांबून कुणी काही सांगितलं की मान हलवायची. कळलं, असा त्याचा अर्थ. पण हातात तुटलेला धागा असतो, माग थांबवला तर जॉबर, म्हणजे मुकादम, बोंबलतो, म्हणून माणसं बघायच्या आधीच मान हलवतात. डोळ्याच्या कोपऱ्यात कुणाचं तरी तोंड हललं की हलवली मान, झालं मोकळं. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा काही बिघडत नाही. अर्जुनची नजर बीमवर, म्हणजे ताण्याच्या रुळावर, होती. त्यानं छायाकडे बघितलंच नव्हतं. तिनं त्याची मान हललेली बघितली आणि ती निश्चिंत होऊन आपल्या मागाकडे वळली. सोहम खाली फरशीवर पडला तेव्हा तो रडला असेल तर कुणालाही ऐकू गेलं नाही.

इथवरची चूक कारखान्यातल्या कुणाकडूनही झाली असती. पुढची अर्जुनची एकट्याची. सोहम गेला तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात छायानं विचारलं, "मी सांगितलं व्हतं की तुमाला?" आणि तिच्या डोळ्यांत बघवेना म्हणून तो बोलून गेला, "तुझं तोंड नीट उघडलं न्हाई गं. काय म्हणतीस ते कळलंच न्हाई मला." मग मान का हलवली, हे तिनं कधी विचारलं नाही. तिनं ते खरं मानलं. त्या दिवसापासून तिनं तोंड आणखी मोठं उघडायला सुरुवात केली, प्रत्येक शब्दाला, पस्तीस वर्षं. लोक कौतुक करायचे की छायासारखं स्वच्छ बोलणारं कुणी नाही. अर्जुननंही केलं होतं कौतुक. जबड्याची चकती कशानं सरकली, हे त्याला आता डॉक्टरांपेक्षा जास्त कळलं होतं.

टॅबवर दोन बटणं होती. हे बोलणं आहे, हे तो शपथेवर सांगू शकत होता. पण बोलणं म्हणून सांगितलं तर ती हे रोज रात्री म्हणत राहणार, आणि नंतर चौदा सेकंद दात आवळत राहणार. सांधा जाणार तिचा. घासणं म्हणून सांगितलं तर तिला आराम पडेल. स्वतःच्या मनाला त्यानं हे तीन-चारदा नीट समजावून सांगितलं. तिच्याच भल्यासाठी. मग त्यानं "घासणं" दाबलं आणि एकशे सदतीस तुकडे एकदम पुसले गेले. त्याला हलकं वाटलं, आणि हलकं वाटलं म्हणून स्वतःची किळस आली.

संध्याकाळी छायानं जेवायला गार्ड काढला तेव्हा पहिलं विचारलं, "काय काय बोलते वो मी?"

"मोटर, मीठ, भांडी," अर्जुन म्हणाला. "आत्याला शिव्या घातल्यास."

"आन् काय?"

"आन् काय न्हाई."

चार दिवसांत बोलणं परत आलं. एकही वाक्य तुटलं नाही. पहिल्या रविवारी छाया सकाळपासून जी सुरू झाली ती जेवायची वेळ टळली तरी थांबेना, राहिलेलं बारसं तिनं पहिल्यापासून सांगितलं. डॉक्टरांनी सांध्याचं चित्र काढून बघितलं आणि म्हणाल्या, सूज उतरलीय, असंच चालू द्या. छाया गाढ झोपायला लागली. सगळं चांगलंच झालं होतं की! तरी अर्जुनला तिच्याकडे टक लावून बघणं अवघड झालं, आणि ज्या घरात बघणं म्हणजेच ऐकणं, तिथं हे लपणारं नव्हतं. "हल्ली तुमचं ध्यान नसतंय," ती दोनदा म्हणाली. तो डोळ्यांवर ढकलून मोकळा झाला.

दोन महिन्यांनी प्रणाली आठवडाभर राहायला आली. बरोबर तिची इरा, दहा महिन्यांची, रांगण्यात पटाईत. त्या दिवशी प्रणाली बाजारात गेली होती आणि गल्लीत चार दिवसांनी पाणी आलं होतं. पाण्याच्या दिवशी कुणाला उसंत नसते. अंगणातल्या जमिनीलगतच्या हौदाचं झाकण काढून आत मोटरचा पाइप सोडलेला. छाया गच्चीवरच्या टाकीशी. अर्जुन अंगणात खाटेवर घेवडा निवडत बसलेला, त्याच्या पायाशी सतरंजीवर इरा. घेवड्याच्या दोन शेंगा दिल्या की ती खेळत बसते, असा त्याचा अनुभव.

थपकन एक ओलं फडकं त्याच्यापुढे पडलं. त्यानं वर बघितलं. छाया उंचीला ठेंगणी. विटेवर चढून, दोन्ही हातांनी कठडा धरून ती खाली बघत होती आणि कठड्यावर नुसता तिचा चेहरा दिसत होता. तिनं तोंड उघडलं. जबडा लोंबला. तिनं पुन्हा उघडलं, पुन्हा लोंबला. तिसऱ्यांदा तेच. डोळे फाटलेले, मानेच्या शिरा ताणलेल्या, आणि तोंडातून एक अक्षर घडत नव्हतं.

दोन महिने तिचं एकही वाक्य गार्डनं अडवलं नव्हतं. अडवणार होता असं एकच वाक्य जगात होतं, आणि ते कुठलं हे एकाच माणसाला ठाऊक होतं.

अर्जुन गर्रकन वळला. सतरंजी रिकामी. इरा हौदाच्या कडेवर दोन्ही हात टेकून आत वाकली होती, पाण्यात तिला कुणीतरी दिसत होतं बहुतेक. त्यानं उडी घातली. गुडघा फरशीवर फुटला, पण हातात तिच्या झबल्याचा गोळा आला आणि त्या गोळ्यात इरा होती. तिनं भोकाड पसरलं असावं, कारण तिचं तोंड भलतंच मोठं उघडलं होतं. अर्जुननं तिला छातीशी धरलं आणि तोही रडायला लागला.

छाया जिन्यावरून कशी उतरली ते तिलाच माहीत. तिनं इराला ओढून घेतलं, डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं, पुन्हा पुन्हा चाचपलं. मोटर बंद केली. झाकण लावलं. मग खाटेच्या कडेवर बसून ती धापा टाकत राहिली. हळूहळू श्वास खाली बसला, आणि तिनं अर्जुनकडे बघितलं.

"मी तर काय बोललेच न्हाई," ती म्हणाली. हे वाक्य गार्डनं अडवलं नाही. "तोंडातनं शब्दच फुटंना. तुमाला कसं कळलं?"

सांगता आलं असतं, की सहज वळलो. देवानं बुद्धी दिली म्हणता आलं असतं. अर्जुनच्या ओठांवर ते आलंही. पण ती बघत होती, आणि इराचा हात तिच्या गळ्यात होता.

"ते वाक्य मी थांबवायला सांगितलंय मशीनला," तो म्हणाला.

"कुठलं वाक्य?"

"गाठ सुटायली. बाळाकडं बघा."

छाया थिजली. मग तिनं विचारलं, "मी झोपेत हे म्हणते?"

"रोज. शेवटचा गट व्हता त्यो. एकशे सदतीस डाव. मी घासणं म्हणून दाबलं."

ती रागवेल, इराला घेऊन आत जाईल, असं त्याला वाटलं. तिनं तसं काही केलं नाही. ती पुढे झुकली, आणि तिच्या चेहऱ्यावर एक विलक्षण आशा आली, ती अर्जुनला मरेपर्यंत विसरता येणार नाही. तिनं विचारलं, "मग झोपेत तरी नीट उघडलं व्हतं का माझं तोंड? दिसलं का नीट?"

अर्जुनला वाटलं, आपण त्या हौदात का नाही पडलो.

"छाया, तवाबी नीटच उघडलं व्हतं." तो किती मोठ्यानं बोलत होता हे त्याला कळत नव्हतं, गल्लीतली दोन माणसं फाटकाशी थांबली. "तुझं तोंड नीटच व्हतं. मीच बघितलं न्हाई. धागा तुटला व्हता, बीमकडं बघत बघत मान हलवली मी. तुझ्याकडं बघितलंच न्हाई. जिन्यात खोटं बोललो तुला."

फाटकाशी थांबलेली माणसं निघून गेली. इरा आजीच्या मंगळसूत्राशी खेळायला लागली. छायानं दोन बोटं तोंडात घातली, गार्ड काढला आणि खाटेवर ठेवला. उजव्या कानापुढचा सांधा तिनं तळव्यानं थोडा वेळ चोळला.

मग ती काहीतरी बोलली. मोठं वाक्य होतं, दोन-तीन असतील. पण तिनं तोंड मोठं उघडलं नाही. बाकीची माणसं बोलतात तसं, ओठ जेमतेम हलवून, पस्तीस वर्षांत पहिल्यांदा आपणहून ती त्याच्याशी साध्या तोंडानं बोलली. त्यात आवाज होता की नव्हता हेही अर्जुनला कळायला मार्ग नव्हता. त्यानं डोळे ताणले, मान पुढे काढली. एक शब्द हाती लागला नाही.

"काय म्हणालीस?" त्यानं विचारलं. "छाया, काय म्हणालीस तू?"

छाया उठली आणि इराला कडेवर घेऊन आत गेली. तिनं ते पुन्हा सांगितलं नाही.